उभा राजा

मातीची राणीही तडकली. गळ्यापासून कमरेपर्यंत बारीक रेघ गेली. मनस्विनीने ती बोटाने चाचपली आणि राणीला उचलून खिडकीत ठेवलं. तिथे आधीच्या राण्या होत्या. कागदाच्या लगद्याची वाळताना एका अंगाला कलली होती. तांब्याच्या तारेची ताठ उभी होती, पण तिला चेहरा म्हणून काही उमटत नव्हता. मेणाच्या राणीचं नाक दुपारच्या उन्हात ओघळलं होतं.

मनस्विनी चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. एकच वस्तू निरनिराळ्या साहित्यात घडवायची, असं काम त्यांना दिलं होतं. तिने राणी निवडली, त्याचं कारण घरात होतं.

बनशंकरीतल्या त्यांच्या घरी दसऱ्याला पायऱ्या मांडून बाहुल्या बसवायची कानडी रीत होती. सगळ्यात वरच्या पायरीवर पट्टद गोंबे, म्हणजे रक्तचंदनाची राजाराणीची जोडी. ती जोडी तिच्या आईने लग्नात माहेरहून आणली होती. दोन वर्षांपूर्वी, नवमीच्या दुपारी, आई अचानक गेली. तिला निजवायला जागा हवी म्हणून शेजाऱ्यांनी पायऱ्या भराभर बाजूला सारल्या. त्यात राणी पडली आणि दुभंगली. बाकीच्या बाहुल्या कुणीतरी पेटीत भरल्या. राजा तेवढा कपाटावर राहिला.

गेल्या दसऱ्याला वर्ष व्हायचं होतं, म्हणून बाहुल्या बसल्या नाहीत. या वर्षीही अण्णा नको म्हणाले. अण्णा, म्हणजे तिचे वडील रघुनंदन, मुळातच कमी बोलायचे. आई गेल्यापासून घरात कुकरचाच आवाज जास्त होता. “जोडी नाही. काय मांडायचं?” एवढंच ते म्हणाले. मनस्विनीने ते शब्द धरून ठेवले. राणी झाली की अण्णा हो म्हणतील. पायऱ्या मांडल्या की घर पुन्हा घरासारखं होईल. मार्कांचं नंतर बघता येईल.

शेवटची राणी तिने नारळाच्या काथ्याची केली. काथ्या भिजवला, पिळला, गुंडाळून घट्ट बांधला. साडीसाठी जरीच्या कतरणी आणायला ती चिकपेटच्या बाजारात एका शिंप्याकडे गेली. शिंपी हसला.

“एवढ्याशा तुकड्यात कुणाचा पोलका होतो, अक्का?”

“राणीचा,” ती म्हणाली.

“राणीला एवढंच? मग आमच्यासारख्यांनी काय नेसायचं?” असं म्हणत त्याने मूठभर कतरणी जास्तच दिल्या.

ही राणी मात्र जमली. कॉलेजातल्या सरांनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि ठेवताना जपून ठेवली. मनस्विनीने ती घरी आणून कपाटावर राजाशेजारी उभी केली.

“अण्णा, स्वल्प इकडे या.”

अण्णा हात पुसत बाहेर आले. राजाराणीकडे बघत राहिले.

“चांगली झाली.”

“मग पायऱ्या मांडू?”

त्यांनी मान हलवली. नको.

“आता काय कमी आहे हिच्यात?” मनस्विनीचा आवाज चढला. “नाक चुकलं? उंची चुकली? सांगा तरी. परत करते.”

“तिच्यात कमी काही नाही गं.” अण्णांची नजर राजावर होती. “तू सगळ्यांना उभंच करतेस.”

“गोंबे उभेच असतात, अण्णा.”

“दशमीपर्यंत.”

ते परत आत गेले.

मनस्विनी कपाटासमोर थांबली. दशमीला दिवे लागले की आई राजाराणीला पायरीवरून उतरवायची, घडी घातलेल्या साडीवर आडवं करायची, पांघरूण घालायची. त्यांना झोपवलं की दसरा संपला. मगच बाकीच्या बाहुल्या पेटीत जायच्या. त्या वर्षी दशमीला घरात सुतक होतं. कुणी काही केलं नाही. आईने नेसवलेल्या रेशमी धोतरात राजा दोन वर्षं तसाच उभा होता.

तिने माती झाकून ठेवली. तांब्याची तार वाकवून चार पाय केले. केळीच्या सोपटाचे धागे विणून त्यावर बाज ताणली. उरलेला काथ्या हाताने मऊ करून त्याची गादी भरली. जरीच्या कतरणी जोडून पांघरूण शिवलं. जर टोचू नये म्हणून आतून आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा लावला. ही बाज तिने कॉलेजात नेली नाही.

घट बसायच्या आदल्या संध्याकाळी तिने ती कपाटाजवळच्या टेबलावर ठेवली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. अण्णांना हाक मारली नाही.

अण्णा दिवा लावायला आले. त्यांना बाज दिसली. त्यांनी दिवा लावला, मग हात वर करून राजाला खाली घेतलं. बोटांना धूळ लागली. पंच्याच्या टोकाने त्यांनी त्याचं तोंड पुसलं, खांदे पुसले. बाजेवर आडवं केलं आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग दशमीला आई थोपटायची तसं हलकेच थोपटलं.

नंतर ते खिडकीपाशी गेले. तडकलेली, कललेली, बिनचेहऱ्याची, नाक ओघळलेली, एकेक राणी त्यांनी उचलून आणली आणि कपाटावरच्या काथ्याच्या राणीशेजारी ठेवली.

“मनू, पेटी खाली काढ,” अण्णा म्हणाले. “हा निजला. आता वरच्या पायरीवर यांना उभं कर.”