उतरतानाच्या पायऱ्या

जिना दिसला की पायऱ्या मोजायच्या, ही खोड नातीला माझ्याकडूनच लागली. ती परदेशात शिकते. शनिवार-रविवारी जुन्या कॅथेड्रलांची शहरं पाहत हिंडते आणि मनोऱ्यावर चढली की मला फोन लावते.

त्या शनिवारी दुपारी धापा टाकत म्हणाली, "आजोबा, दोनशे चौदा. आता उतरताना ताळा पाहू." फोन चालू ठेवून ती मोजत उतरू लागली.

दोनशे चौदा झाल्या, तरी ती थांबली नाही. दोनशे साठ. माझ्याच ऐकण्यात चूक असेल, असं वाटलं. बहुतेक वेळा माझीच असते.

"बाळा, परत वर जा," मी म्हणालो. ती मोजतच राहिली.

तेवढ्यात सून स्वतःचा मोबाईल घेऊन आली. "बाबा, तुमची लाडकी केव्हाच खाली पोचलीये. मघाशी तुमचा फोन मध्येच कट झाला म्हणे. हा बघा फोटो, चौकात बसून आइस्क्रीम हाणतेय. दोनशे चौदाच भरल्या, असा तुम्हाला निरोप आहे."

माझ्या कानात तीनशे नऊ, तीनशे दहा चालू होतं. फोन सुनेच्या कानाला लावायचा धीर मला झाला नाही.

मग आकडे थांबले.

"आजोबा, खाली दार आहे," तोच आवाज म्हणाला. "आत आई बोलतेय ना? उघडा."