आकडा सत्तरच

गायिकेच्या मैफलीच्या तिकीटखिडकीतल्या माणसाने ओवीच्या मनगटावरची पट्टी घट्ट केली आणि तेच गाणं तिसऱ्यांदा लावलं. दलालांची गर्दी हटावी म्हणून हल्ली गाणं ऐकताना ज्याचे ठोके वाढतील त्यालाच तिकीट मिळे. ओवी डोळे मिटून प्रत्येक ओळ पुटपुटत होती. पडद्यावरचा आकडा सत्तरच राहिला.

"आवड दिसत नाही. पुढचे या."

"अहो, तिचं हृदय यंत्राचं आहे," कुमुदआत्या म्हणाली. "त्या गायिकेच्या फोटोंनी भिंत भरलीय हिने."

"ताई, भिंतीला पट्टी बांधता येत नाही."

ठोके कमीजास्त करणारं यंत्रही शस्त्रक्रियेच्या वेळी मिळत होतं. बिघाडाची भीती नको म्हणून एकाच गतीने चालणारं कुमुदने निवडलं होतं. आईविना वाढलेल्या भाचीसाठी कागदांवर सही तिचीच होती.

तिने स्वतःचं मनगट पुढे केलं. गाण्यातलं तिला काही कळेना, पण शेजारी हलणारे ओवीचे ओठ बघता बघता आकडा एकशे दहावर गेला. तिकीट बाहेर आलं.

"हे तुमच्याच ठोक्यांवर चालेल. दारात पुन्हा तपासतात."

ओवीने कुमुदचा हात धरून तिला बाजूला घेतलं.

"तू जा गं आत्या. पण सांग ना, एकशे दहाला छातीत कसं वाटतं?"

"जिना धावत चढल्यासारखं."

ओवी विचार करत राहिली. जन्मापासून तिला कुणी जिना धावत चढू दिला नव्हता.