बॉनेटच्या आतलं नाव

आधी ‘पाष्टे’ निघालं.

जयरामचा हात थांबला. लाल गाडीचं बॉनेट दोन लाकडी घोड्यांवर उताणं पडलं होतं. आतून नवा थर द्यायचा म्हणून तो जुना राखाडी रंग घासत होता आणि उजव्या टोकाला पेन्सिलीची दोन अक्षरं वर आली होती. मराठीत. कुवेतमध्ये, सलवातल्या एका अरबाच्या अंगणात. आणि आडनाव जयरामचं स्वतःचं.

फायबरच्या होड्या बांधणाऱ्या कोकणातल्या कारागिरांची ही जुनी खोड. काचतंतूंची शेवटची पांढरी मॅट रेझिनने भिजवायच्या आधी तिच्यावर पेन्सिलीने नाव लिहायचं, खाली तारीख. रेझिन पडलं की मॅट काचेसारखी होते आणि नाव आत कायमचं अडकतं. वरून रंग बसतो, मालकाला पत्ताही लागत नाही. जयरामही लिहायचा. पण या गाडीला त्याने आज पहिल्यांदाच हात लावला होता.

गाडी म्हणजे एका म्हाताऱ्याचा हट्ट होता. घरमालक अबू तलालच्या वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी खोकी भरभरून सुटे भाग मागवले, घरीच सांगाडा जोडला आणि त्यावर हे फायबरचं अंग चढवलं. वडील वारले. आता मुलाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती.

जयराम डावीकडे घासत गेला. पाणी, पेपर, पुन्हा पाणी. ‘जी’ निघाला. मग ‘का’. मग ‘भि’.

भिकाजी पाष्टे हा त्याचा बाप. नव्वद सालच्या लढाईत कुवेतमधून बेपत्ता झाला तेव्हा जयराम पाच वर्षांचा होता. घरच्यांनी बारा वर्षं वाट पाहिली. मग रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. आईने, सीताबाईने, कुंकू पुसलं.

हे काम नव्वदच्या आधीचं असणार, जयरामने स्वतःला बजावलं. असायलाच हवं होतं. कारण पुतळा जाळल्यानंतरच्या वर्षी पितृपक्षात एक गोष्ट घडली होती.

त्या दिवशी बापाचं पान वाढून परसात ठेवलं होतं. कावळ्याची वाट बघत सगळे उभे. कावळा आला नाही. माडाखालून एक माणूस आला. हडकलेला, दाढी वाढलेली. तो पानापाशी थांबला आणि त्याने आईकडे बघितलं. आई किंचाळली, “अगो बाय, हे आलं!” अठरा वर्षांच्या जयरामला बापाचा चेहरा नीट आठवतही नव्हता. त्याने देवळातला अंगारा मूठ भरून त्या तोंडावर फेकला आणि ओरडला, “तू मेलायस! जा! परत फिरकू नको!” माणूस थोडा वेळ डोळे चोळत उभा राहिला. मग आला तसा गेला. गावाने जयरामची पाठ थोपटली. पोरगं धीराचं निघालं, म्हणाले.

आईला मात्र ते कधीच पचलं नाही. एकवीस वर्षं झाली. अजूनही दर शुक्रवारी फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा.

“जया, त्यानं पानी मागल्यान होतं रे. मेलेल्याला तान लागते काय?”

“मेलेलाच होता तो, आये.” जयराम दर वेळी हेच सांगायचा. दुसरं काही सांगणं त्याला परवडणारं नव्हतं.

नावाखालची तारीख अजून रंगाखाली होती. तसाच वर नवा थर चढवला असता तर कुणाला कळलं नसतं. त्याने तसा विचारही केला. पण पेपर त्याच्या हातातच होता.

२ नोव्हेंबर २००३.

त्याने बोटांवर महिने मोजले. पितृपक्षानंतरची तारीख. दीड महिन्यानंतरची.

अबू तलाल चहा घेऊन आला. जयरामने बोटाने दाखवलं. “बाबा, ये किसने किया?”

“एक हिंदी था,” अबू तलाल मोडक्यातोडक्या हिंदीत आठवून सांगू लागला. “मेरा वालिद का आदमी. लड़ाई में सिपाही लोग पकड़के ले गया. बॉर्डर का उधर, बारह-तेरह साल जेल. छूटा, मुल्क गया. एक महीना में वापस आया. मेरा वालिद पूछा, घर नहीं मिला? वो बोला, मिला.”

“बस, इतना ही बोला?”

“इतना ही. लड़ाई में गाड़ी का बॉनेट टूटा था, वो नया बनाया, फिर चला गया.”

“किधर?”

“अल्लाह आलम, मालूम नहीं,” म्हणून अबू तलालने कप ठेवला आणि तो आत गेला.

जयरामला बापाची भीती वाटली आणि स्वतःची त्याहून जास्त. खिशात फोन वाजू लागला. शुक्रवार होता. त्याने तो उचलला नाही.

‘भिकाजी’च्या डावीकडे, शेवटच्या रंगाच्या ठिपक्याखाली, पेन्सिलीची आणखी एक रेघ दिसत होती. बापाने काहीतरी लिहून ठेवलं असेल. घरासाठी निरोप, निदान एखादी शिवी. शिवी असती तरी जयरामने ती डोक्याला लावली असती. तो बॉनेटवर वाकला आणि दोन्ही हातांनी घासू लागला.

निरोप नव्हता. नावाच्या आधी, त्याच सावकाश अक्षरात, बापाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: कै.