पडद्याला आतून हूक

"तुम्ही दरवर्षी आम्हाला एक दगड दाखवता आणि त्याच्यावर अख्ख्या इमारतीचा कर घेता," टेलरबाई म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या, तरी शब्द अन् शब्द कळला.

समोर नगरपालिकेचा कारकून मखमलीचा तागा काखेत धरून उभा होता. "मी कुठं घेतो, ताई? घेणारे वरचे. मी आपला पडदा शिवायला टाकायला आलोय."

पडदा कोनशिलेवरचा होता. बाजाराच्या मैदानात बायकांसाठी शौचालय बांधायचं ठरलं, त्याला इतकी वर्षं झाली होती की ठरवणारे निम्मे जगातून उठले होते. खर्चाचं वर्ष संपत आलं की नगरपालिकेला दरवेळी शौचालय आठवायचं. मांडव पडायचा, खुर्च्या यायच्या, चहापाणी व्हायचं. त्या वर्षीचे अध्यक्ष दोरी ओढायचे, पडदा सरकायचा, आत त्यांच्या नावाचा नवा गुळगुळीत दगड. मग शेजारी आदल्या दिवशी खणून ठेवलेल्या खड्ड्यात ते फावडंभर माती टाकायचे. टाळ्या. बाकीची माती मांडववाले टाकायचे, कारण मैदान सारखं करून द्यायचं असायचं. बांधायचा पैसा मांडवाबरोबर गुंडाळला जायचा. स्वच्छता कराची पावती मात्र बाजारातल्या प्रत्येक टोपलीमागं रोज सकाळी फाटायची. त्यात कधी खाडा नाही.

टेलरबाईची थोरली जाऊ त्याच बाजारात भाजी घेऊन बसायची. पहाटे घर सोडलं की अंधार पडेपर्यंत पाण्याचा घोट नाही. प्यायलं तर जायचं कुठं? शेवटी मूतखडा झाला. डॉक्टरनं बजावलं, पाणी पीत जा, नाहीतर मूत्रपिंड हातचं जाईल. जाऊबाई घरी आली, पोट धरून कॉटवर बसली आणि म्हणाली, "धाकटे, एक दगड त्यांच्या मैदानात, एक माझ्या पोटात. त्यांच्याला टाळ्या मिळतात गं."

ते टेलरबाईच्या डोक्यातून जात नव्हतं.

"यंदा पडदा मोठा हवाय," कारकून सांगत होता. "फोटोत भरल्यासारखा दिसला पाहिजे. साहेबांचा निरोप आहे."

टेलरबाईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. पुढचं ती इतक्या गोड आवाजात बोलली की तसं नवऱ्याशीही कधी बोलली नव्हती. "भाऊसाहेब, मग चारही बाजूंनी घेऊ का? गेल्या वर्षी मागून वारा शिरला आणि पडदा अध्यक्षांच्या तोंडावर बसला, आठवतंय ना? पुरुषभर उंची ठेवते. खड्डाही आतच घेऊ, उघडा बरा दिसत नाही. आणि पुढच्या फटीला आतून हूक लावते. दोरी ओढायच्या वेळी आमची जाऊबाई आत उभी राहील, ती काढेल."

"वा," कारकून म्हणाला. "तुम्हाला तर आमच्या हापिसात घ्यायला पाहिजे."

"कापड जास्त लागेल. खर्च वाढेल."

"वाढू द्या हो. पैसे आपले थोडेच आहेत?"

टेलरबाईनं मखमल मशीनवर ओढली. हूक तिनं दुहेरी दोऱ्यानं शिवले.

कार्यक्रमाच्या दिवशी जाऊबाई सकाळपासून पाणी पीत होती. तांब्यामागून तांब्या. आजूबाजूच्या विकणाऱ्या बायका तिच्याकडं डोळे फाडून बघत राहिल्या, दिवसाढवळ्या चोरी चाललेली बघावी तशा. टेलरबाईनं त्यांच्यात बसून काहीतरी कानात सांगितलं. मग एकीनं बाटलीचं बूच काढलं. मग दुसरीनं.

स्टेजच्या उरलेल्या दोन फळ्या आणि पाण्याची बादली टेलरबाई पडद्याआड नेत होती, तेव्हा कारकुनानं विचारलं, "हे कशाला?"

"अध्यक्षांच्या बुटाला माती लागायला नको."

कारकुनाला तेही पटलं.

भाषण लांबलं. अध्यक्ष मायभगिनींच्या सन्मानावर बोलत होते. मायभगिनी पडद्याच्या बाजूला रांग लावून उभ्या होत्या, कुणी एका पायावर, कुणी दुसऱ्या. इतकी शिस्तीची गर्दी फोटोवाल्यानं आजवर पाहिली नव्हती. तो खूश होता.

शेवटी अध्यक्षांनी दोरी ओढली. पडदा हलला नाही. त्यांनी हसून पुन्हा ओढली. मखमल ताणली गेली, पण हूक सुटले नाहीत.

"हूक काढा," कारकून पडद्याजवळ तोंड नेऊन कुजबुजला. हातात माइक तसाच होता, त्यामुळं सगळ्या मैदानानं ऐकलं.

"थांबा जरा," आतून जाऊबाईचा आवाज आला.

"बाई, कार्यक्रम चालू आहे."

"इकडंही चालू आहे."

मग रांगेतली एक म्हातारी फिस्कन हसली, आणि ते हसू रांगेतून खुर्च्यांत, खुर्च्यांतून मांडवाबाहेर गेलं. अध्यक्षांच्या हातात दोरी होती. ती ओढवेना, सोडवेना. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला, अध्यक्षांकडं पाहिलं आणि तरीही फोटो काढला.

पाणी ओतल्याचा आवाज झाला. सावकाश, मापानं.

"दोरी तेवढी सोडा, अध्यक्षसाहेब," जाऊबाई आतून म्हणाली. तिला माइक लागला नाही. "मखमल आमच्या पैशाची. खड्डा आमच्या पैशाचा. फळ्यासुद्धा आमच्याच. इतकी वर्षं भरतोय, ते सगळं आज एकदाचं कामाला आलं. तुमचा दगडही वाया नाही गेला, त्याच्यावर तांब्या ठेवलाय. मला घाई नाही, निवांत बसलेय. माझ्यामागं अख्खा बाजार रांगेत आहे. फक्त एवढं सांगा, भिंती कुठं आहेत?"