मेन लाइन

"पाइपला गंज चढतो, माणसाला नाही," असं सिगारेट ओढत आयुष्यभर बजावणारे, नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त फोरमन दिगंबर चौबळ छातीत कळ येऊन इस्पितळाच्या खाटेवर आडवे झाले होते.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. "काका, धुरानं आतलं अस्तर खराब होतं आणि त्यावर थर बसत जातो. ही बघा, नव्वद टक्के बंद. आजच स्टेंट घालू. पण सिगारेट सोडली नाहीत, तर पुन्हा तुंबेल."

बायकोचं, मुलीचं, कुणाचंच न ऐकणारे चौबळ मान उंचावून पडदा निरखू लागले. असे पाइप त्यांनी जन्मभर उकरून काढले होते.

"ही तर मेन लाइन," ते पुटपुटले. "इतके दिवस कुणी तक्रार कशी केली नाही?"

"तीस वर्षं करतेय," उशाशी बसलेली बायको म्हणाली. "तुमच्या खात्यात दखल घेतो कोण?"

चौबळांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट तिच्या हातावर ठेवलं आणि संमतीपत्रावर सही केली.

"करा सुरू, डॉक्टर. फक्त काम तेवढं कंत्राटदाराला देऊ नका."