अर्धी मात्रा

"ताई, माझ्या चुलत्याला उपचारासाठी दर आठवड्याला नाशिकला न्यायचं होतं, तेव्हा गाडी मिळत नव्हती. आमचा पैसा मुंबईच्या प्रयोगशाळेत गेल्यावर आमच्या माणसाला काय मिळणार?"

अमितने उभं राहूनच विचारलं. कळवणमधल्या त्या मंगल कार्यालयात साठेक कांदा उत्पादक बसले होते. त्यांच्या गटाने दरवर्षीप्रमाणे देणगीसाठी निधी जमवला होता. अमित गटाचा अध्यक्ष. यंदा रुग्णांसाठी गाडी घ्यावी, असं त्याच्या मनात होतं. आणि कर्करोगावरच्या संशोधनाला हातभार लावा, हे सांगायला हर्षाली नाशिकहून आली होती.

हर्षाली शाळेत गणित शिकवायची. सहा वर्षांपूर्वी तिला रक्ताचा कर्करोग झाला. बरी झाल्यावर तिने स्वयंसेवक गोळा केले. आता चाळीस जण तिच्यासोबत काम करत होते. सुट्टी आली की ती तालुक्या-तालुक्यांत फिरायची. हा प्रश्न तिला नवा नव्हता, उत्तर तयार होतं.

"मी तुमच्यासमोर उभी आहे ती संशोधनामुळेच," ती म्हणाली. "मला दिलेलं औषध नवं होतं तेव्हा दुप्पट द्यायचे. आजार हटायचा, पण हृदय थकायचं. मग एका रुग्णालयाने शोधून काढलं, की निम्म्या औषधातही तेवढाच गुण येतो. मला अर्धीच मात्रा मिळाली आणि मी वाचले. हे संशोधन लोकांच्या देणग्यांवर झालं. आपलं औषध कमी खपावं म्हणून कुठली कंपनी पैसा घालेल?"

एरवी एवढं ऐकलं की लोक माना डोलवायचे. आज कुणी डोलवली नाही.

"तुम्ही वाचलात, आनंदच आहे," अमित म्हणाला. "पण तुम्ही नाशकातल्या, शिकलेल्या. आमच्या डोंगराखालच्या माणसाचा त्या संशोधनाशी काय संबंध?"

हर्षालीने हातातला माईक पुन्हा तोंडाशी नेला.

"हाय ना संबंध," दाराजवळून आवाज आला.

सगळे वळले. शेवटच्या खुर्चीवर एक वयस्क बाई बसली होती. पदर डोक्यावर, मांडीवर कापडी पिशवी. अमितने तिला ओळखलं. "गोजरामावशी! तुम्ही कधी आलात?" मग हर्षालीकडे बघून तो म्हणाला, "अभोण्याच्या पुढे यांचं गाव. यांचे मालक, सावळीराम आबा, याच आजारपणात गेले. दहा वर्षं झाली."

अमितने दुसरा माईक पुढे केला. गोजराबाईने तो घेतला नाही. बसल्या जागेवरूनच बोलू लागली.

"त्या औषधाची तपासणी झाली ना, तीत आमचे मालक व्हते. डाक्टरनी आधीच सांगितलं, 'आबा, औषध नवं हाय. किती द्यायचं, ते आमाला अजून पक्कं ठाव नाय. तुमाला गुण येईलच असं नाय. पण पुढच्याला किती द्यायचं, ते कळंल.' मी म्हटलं, नको, घरी चला. तर मलाच म्हणाले, 'अगं, कांद्यावर नवं औषध मारतो तवा काय व्हतं? पहिल्या वाफ्यात माप जास्ती व्हतं, पात करपती. मग बाकीच्या वावराला नेमकं माप कळतं. कुणीतरी पहिला वाफा व्हायाच पायजे ना?' अन् सही करून मोकळे झाले."

तिने पदराने तोंड पुसलं.

"आजार हटला. पण छाती लय थकली. चार पावलं चालले का बसायचे. दिवाळीच्या आधी गेले. वरीसभरानं दवाखान्यातून फोन आला. म्हणाले, 'आबांसारख्या माणसांमुळं आमी औषध निम्मं केलं.'"

हर्षालीने माईक टेबलावर ठेवला. संशोधन हा शब्द तिने शेकडो सभांमधून उच्चारला होता. तो उच्चारताना तिच्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या यायच्या, पांढरे कोट यायचे. डॉक्टरांचे, परिचारिकांचे, देणगी देणाऱ्यांचे आभार ती प्रत्येक भाषणात मानायची. आपल्या वाट्याची अर्धी मात्रा कुणाच्या छातीने ठरवून दिली, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

अमित गटाकडे वळला. मग म्हणाला, "आबांच्या नावाने देऊ. संशोधनालाच."

"अन् गाडी?" कुणीतरी विचारलं.

"तीही घेऊ. कांदा काढल्यावर परत जमवू. आज हे होऊ दे."

हात वर झाले. पण हर्षालीने ते मोजले नाहीत. ती खुर्च्यांमधून वाट काढत दारापाशी गेली आणि गोजराबाईच्या पायांशी वाकली. गोजराबाईने तिला खांद्याला धरून वर घेतलं.

"मावशी, मी आजवर सगळ्यांचे आभार मानले, तुमच्याकडे यायचंच राहिलं," हर्षाली म्हणाली. "आणि तुम्हीच एवढ्या लांबून आलात. माझी बाजू मांडायला."

"तुझी बाजू मांडाया नाय आले गं," गोजराबाई म्हणाली. "सुनंनं मोबाइलवर वाचून दाखवलं, अर्ध्या औषधानं बरी झालेली बाई कळवणला येणार हाय. तवा दोन गाड्या बदलून आले."

तिने हर्षालीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग आपला खरबरीत तळवा तिच्या छातीवर ठेवला आणि आतले ठोके हाताला लागेपर्यंत तसाच राहू दिला. डोळे भरले, तरी ती हसत होती.

"आमच्या मालकांमुळं जगलेलं माणूस कसं दिसतं, तेवढं बघाया आले व्हते."