चौथा ढीग

"पाढे नका म्हणून दाखवू, मास्तर," शाळा तपासायला आलेल्या डिप्टी साहेबांनी वर्गात पाऊल टाकताच बजावलं. "पोपट पुष्कळ ऐकले. गुणाकार म्हणजे काय, ते पोरांना कळलंय का, तेवढं पाहू."

भगवंत मास्तरांना हेच हवं होतं. साहेब नव्या पद्धतीचे भोक्ते आहेत हे त्यांच्या कानावर आलं होतं, म्हणून चार दिवसांपासून ते चिंचोके घेऊनच शिकवत होते. त्यांनी लगबगीनं प्रत्येकापुढे मूठमूठ चिंचोके ओतले.

"घरी आई खाऊ वाटते ना, तसंच करायचं," ते म्हणाले. "घरी जितकी लेकरं, तितके ढीग. एकेका ढिगात तीन-तीन. मग सारे मिळून किती, ते सांगायचं."

पोरं सारवलेल्या जमिनीवर ओणवी झाली. साहेब हातातली टोपी सांभाळत ओळींमधून फिरू लागले. एकाचे दोन ढीग, दुसऱ्याचे पाच. "तीन दुणे सहा." "तीन पंचे पंधरा." साहेबांची मान हलत होती. मास्तरांच्या जिवात जीव आला.

खिडकीशी साहेब थांबले. तिथं जमुना बसली होती. मास्तरांच्या मेलेल्या बहिणीची पोर. दोन वर्षांपासून त्यांच्याकडेच राहत होती. चुलीत गोवऱ्या सारता सारता मामेभावांचे पाढे ऐकून हिचेच आधी पाठ झाले होते. वर्गात तिच्याइतकं चलाख कुणी नव्हतं.

तिच्यापुढे चार ढीग होते. तीन ढिगांत तीन-तीन चिंचोके. चौथ्यात एक.

"हा असा का गं?" साहेबांनी विचारलं.

"तो माहा हाय."

"तुझ्या वाट्याला एकच?"

"हो." नाव विचारल्यावर सांगावं तसं तिनं सांगितलं. "अन् सारे मिळून दहा."

"दहा बरोबर. पण ढीग सारखे नकोत का?"

जमुना गोंधळली. तिनं ढिगांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"गुरुजीनं सांगतलं, घरच्यावानी करा म्हून."

वर्गातलं एकही पोर हसलं नाही. ती कुणाच्या घरी राहते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांचे कान तापले.

"कुणाची मुलगी ही?" साहेबांनी विचारलं.

जमुनेनं उत्तरासाठी तोंड उघडलं, पण त्याआधीच मास्तर हसले.

"आईवेगळी पोर आहे, साहेब. जरा मंद आहे. समजायला वेळ लागतो तिला."

साहेब खाली वाकले आणि त्यांनी उरलेल्या चिंचोक्यांतले दोन उचलून चौथ्या ढिगात टाकले. "आता?"

"तीन चोक बारा," जमुना तत्काळ म्हणाली.

साहेबांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं. मग पुढच्या ओळीकडे वळले.

जाताना त्यांनी शाळेबद्दल चांगला शेरा दिला. साहेबांची बैलांची रेंगी धामणगावच्या वाटेला लागेपर्यंत मास्तर हात जोडून उभे होते. हात खाली केले तरी त्यांना मागं वळून वर्गाकडे पाहवेना.

शाळा सुटल्यावर ते पुढं आणि जमुना मागं, असे दोघं निघाले. वाटेवरच्या वावरांत कापसाची वेचणी चालली होती. बाया हाका मारून विचारत होत्या, साहेब खूश झाले का मास्तर? मास्तर मान हलवत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. तू मंद नाहीस, इतकंच. घर दिसू लागलं तेव्हा ते मागं वळले. जमुना थांबली आणि वर पाहू लागली.

"पाय उचल," ते म्हणाले.

दिवेलागणीला पानं मांडली. रोज मास्तर आपल्या ताटात नजर ठेवून जेवायचे. ती सवय कधी लागली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आज त्यांनी नजर उचलली. त्यांच्या बायकोनं, पार्बताबाईनं, आपल्या तिन्ही पोरांना दुधात भाकर कुस्करून दिली. जमुनेच्या जर्मन धातूच्या ताटलीत अर्धी भाकर ठेवली आणि पातेल्याच्या बुडाशी उरलेलं वरण ओतलं.

"तिलेही दूध दे," मास्तर म्हणाले.

पार्बताबाईचा हात थांबला. तिनं आवाज चढवला नाही.

"आज दिसलं का तुमाले?" ती म्हणाली. "ते तं रोज तुमच्या समोरच बसते."

बायकोला बोल लावायचं मास्तरांच्या जिभेवर आलंसुद्धा होतं; पण पोर तर त्यांच्याच बहिणीची होती. त्यांनी ते गिळलं. उठून टोपल्यातली आख्खी भाकर घेतली, जमुनेच्या ताटलीत ठेवली, आपल्या वाटीतलं दूध भाकरीवर ओतलं.

"जेव."

जमुनेनं हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर घेऊन ती भाकरीकडे पाहत बसली. मग तिनं दाराकडे पाहिलं. खुंटीवर तिचं दुसरं परकर-पोलकं वाळत होतं, त्याच्याकडे पाहिलं.

"मामा, मले बाबाच्या गावाले धाडून राह्यले का?"

"नाही व माय. काहून?"

"इकडं आणलं त्या दिशी तिकडं आजीनं असंच पोटभर वाढलं होतं."